अकरा : जड स्टिअरिंग

आईच्या हातातून गाडी काढून घ्यायचा ठराव सकाळी साडेनऊला मंजूर झाला आणि पावणेदहाला सुनेने बॉनेट उघडून तो मोडीत काढला.

ठराव हा शब्द धाकटीचा. ती कोर्टात स्टेनो होती आणि घरातल्या प्रत्येक बैठकीचा वृत्तांत लघुलिपीत लिहून ठेवायची. ती लिपी बाकी कुणाला येत नसल्यामुळे मागच्या भांडणात कोण काय म्हणालं होतं, याचा निकाल नेहमी तिच्याच बाजूने लागायचा. आज तिने पानाच्या डोक्यावर तारीख घातली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाली, "हं. दादा, सुरू कर."

दादा दातांचा डॉक्टर. वीस वर्षं तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी बोलून त्याचा असा ठाम समज झाला होता, की समोरचा काही बोलत नाही म्हणजे त्याला पटलेलं आहे.

"आई, हे बघ, कुणीही तुझ्या विरोधात नाही."

"हे तू अक्कलदाढ उपटण्याआधी म्हणतोस," आई म्हणाली.

"गाडी आपल्याच फाटकाच्या खांबाला लागली. आज खांब होता. उद्या माणूस असेल."

"खांब हलत नव्हता," धाकटीने लिहिता लिहिता भर घातली. "तिथेच होता. पंचवीस वर्षं."

आई एकाहत्तर वर्षांची. त्यातली एकतीस वर्षं तिने मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात घालवली होती. अर्ध्या शहराला गाडी मागे घ्यायला तिने शिकवलं होतं आणि उरलेलं अर्धं शहर तिची ओरड ऐकून आपोआप शिकलं होतं. अशा बाईने दोन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, स्वतःच्या फाटकातून आत येताना गाडी खांबावर घातली. खांबाच्या चार फरशा गेल्या, गाडीचा एक दिवा गेला आणि आईची बोलती गेली. तिसरं नुकसान सगळ्यात मोठं होतं. तिने कुणाला काहीही सांगितलं नव्हतं. स्टिअरिंग वळलं नाही, एवढं एकदाच म्हणाली होती, आणि तेही पुटपुटल्यासारखं.

"हातात जोर राहत नाही गं या वयात," दादा म्हणाला. "स्नायू आखूडतात. यात कमीपणा काही नाही."

"गाडीचं काय करायचं, हे मी सुचवू का?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडे ठेवू. उभी राहून गंजण्यापेक्षा बरं."

आता सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना, म्हणजे दादा-धाकटीचे वडील, टेलर. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. आईच्या शेजारच्या सीटवर त्यांनी जितकी वर्षं काढली होती तितकी स्वतःच्या शिलाईच्या मशीनवरही काढली नसतील. ते आता उसळतील, असं आईला वाटलं. दादाला तर त्यांचीच धास्ती होती.

नानांनी कपात पाहिलं. मग म्हणाले, "मुलं म्हणतायत तर… पुरे आता. खूप चालवलीस."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठली, खुंटीवरची किल्ली काढली आणि टेबलाच्या बरोब्बर मध्यभागी ठेवली. त्या आवाजाने दादाला एकदम कसंतरी झालं. आई ओरडेल, कप आपटेल, त्याच्या दवाखान्याची आणि धाकटीच्या स्वभावाची लक्तरं काढेल, या सगळ्याची त्याने तयारी करून ठेवली होती. किल्लीची तयारी नव्हती.

"सर्वानुमते," धाकटी म्हणाली आणि खाली रेघ ओढली.

सून त्या वेळी घरात नव्हती. ती लिफ्ट दुरुस्त करायची. रविवारी सकाळी सकाळी कुठल्याशा इमारतीत एक गृहस्थ कपाटासकट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकले होते. आधी कपाट की आधी गृहस्थ, यावर त्यांच्या बायकोशी वाद घालून, दोघांना बाहेर काढून ती घरी आली, तेव्हा वाटेत आईची गाडी आडवी उभी होती. टेबलावरची किल्ली तिने कुणाला न विचारता उचलली. गाडी बाजूला घेण्यासाठी सुरू केली आणि स्टिअरिंग जेमतेम चार बोटं फिरवलं.

पुढून असा आवाज आला, की जणू शेपटीवर पाय पडलेलं मांजर गाडीत कुणीतरी कोंडून ठेवलंय.

सून दोन मिनिटांनी स्वयंपाकघरात आली. "ही गाडी या अवस्थेत कधीपासून आहे?"

"वहिनी, तो विषय संपलाय," धाकटी म्हणाली.

"पंप ओरडतोय. स्टिअरिंग दगड झालंय. हा विषय संपलाय?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू जा. जागच्या जागी पूर्ण डावीकडे फिरवून दाखव."

दादा गेला. परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "दाढ काढणं सोपं आहे," तो म्हणाला.

"मग? तुझ्याही हातात जोर राहिला नाही का?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने वहीकडे.

"आई, गाडीत बिघाड आहे," सून म्हणाली. "जुन्या चार-पाच मजली इमारतींतल्या लिफ्ट असतात ना, त्या तेलाच्या दाबावर वर जातात. तसंच हे. पंप तेल दाबतो, ते तेल चाकं वळवायला मदत करतं. तेल सडलं की मदत बंद. ते सगळं उपसून नवं भरते मी, तास-दोन तासांचं काम आहे. हलकं झालं तर ठराव फाडायचा. नाही झालं तर किल्ली त्यांची."

"मी गाडीला दोष देणार नाही," आई म्हणाली. "शिकवणीत कुणी गाडीला दोष दिला, तर मी त्याला चालत्या तासात खाली उतरवत असे."

"तुम्ही नका देऊ. मी देते. मी यंत्रांना शिव्या घालून पोट भरते."

"कशाला उगाच?" नाना एकदम म्हणाले. "रविवार आहे. हात काळे होतील. चहा करू का?"

सुनेला ते जरा विचित्र वाटलं, कारण टेबलावर सगळ्यांचे चहा तसेच होते.

स्पेअर पार्टच्या दुकानातून लाल तेलाचे दोन डबे आणि नळी आवळायची एक नवी पट्टी घेऊन ती परत आली, तेव्हा गॅरेजात माणसांची फाळणी झालेली होती. धाकटी दारात, वहीसकट. दादा बॉनेटपाशी, बाह्या दुमडून. खांबाचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सुटणार म्हटल्यावर तो आपोआप बायकोच्या पक्षात आला होता, आणि हे त्याने बहिणीला अजून कळवलेलं नव्हतं. आई लांब, भिंतीला टेकून.

सुनेने गाडीचं नाक जॅकवर उचललं, खाली दोन्ही बाजूंना टेकूच्या घोड्या लावल्या आणि पुढची चाकं हवेत लोंबकळू लागली. तेलाची टाकी म्हणजे पावशेर मावेल एवढा प्लॅस्टिकचा डबा. त्यातलं आधी वरूनच ओढून काढायचं होतं.

"सिरिंज आहे," दादा म्हणाला आणि बॅगेतून मोठी सिरिंज काढून पुढे सरसावला. झाकण उघडून आत वाकला आणि सवयीने म्हणाला, "दुखलं तर हात वर करा."

आई हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. नानांनी ते व्हरांड्यातून ऐकलं आणि ते चहाचं आधण ठेवायला आत वळले.

त्यानंतरच्या पाऊण तासात नाना पाच वेळा गॅरेजात आले. एकदा चहा घेऊन. एकदा जॅक जुना आहे, घसरेल, असं सांगायला. एकदा पंखा लावून द्यायला, जो गॅरेजात नव्हताच. चौथ्यांदा त्यांनी धाकटीला हळूच विचारलं, "हे जुनं तेल कोण तपासतं का गं नंतर? की ओतून टाकतात?" पाचव्यांदा पुन्हा चहा.

"नाना, बरं वाटत नाही का?" दादाने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" नाना म्हणाले आणि ट्रे घेऊन दारातच उभे राहिले. आत जावं की परत फिरावं, हे त्यांना ठरवता येईना. शर्टाच्या बाहीची लांबी नजरेने सांगणारा माणूस, पण इथून पळ काढायला किती पावलं लागतील याचा अंदाज त्यांना येत नव्हता.

सुनेने टाकीची परतीची नळी सोडवली, टाकीच्या तोंडाला बूच मारलं आणि नळीचं टोक एका रिकाम्या बरणीत सोडलं. "पट्टी सैल होती इथली," ती म्हणाली. "थेंब थेंब गळत होतं. म्हणून सुरुवातीला कमी पडलं असणार. आता कुणीतरी स्टिअरिंग फिरवायला बसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. जुनं बाहेर पडेल, मी वरून नवं ओतत राहते."

दादा बसला. दोन वळणं झाली असतील नसतील, तोच आई भिंत सोडून पुढे आली.

"हात कुठेत तुझे? एकमेकांत गुंतवलेस की! असाच चालवतोस तू? पोरं असतात ना तुझ्या गाडीत? ऊठ."

"आई, चाकं हवेत आहेत."

"हवेत असली म्हणून काय झालं? ऊठ म्हणते ना."

आई चालकाच्या सीटवर बसली. काच खाली केली, आरसा स्वतःपुरता नीट केला, जो आता फक्त गॅरेजची मागची भिंत दाखवत होता, आणि स्टिअरिंग फिरवू लागली. बरणी धरायला धाकटीला बसवलं होतं. नळीतून तेल आलं.

"हे काय?" सून म्हणाली.

सिरिंजमधलं कुणी नीट पाहिलंच नव्हतं. लाल यायला हवं होतं. फार तर काळपट. हे विटकरी पाण्यासारखं पातळ होतं आणि वर सगळा फेस. धाकटीच्या मनगटावर त्याचा शिंतोडा उडाला. तिने तोंड वाकडं करत तो पुसायला हात वर नेला आणि तिथेच थांबली.

तो वास तिच्या शाळेच्या गणवेशाचा होता. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक गणवेशाचा. नाना नवा शर्ट शिवायचे, कापड चांगलं, शिवण सरळ, आणि कुठेतरी, नेमका पाठीवर, मशीनच्या तेलाचा एक ठिपका. वर्गात दोघा भावंडांना 'तेलकट' म्हणत. दादाने त्यावरून एकाचा दात पाडला होता. दातांशी त्याचा तो पहिला संबंध.

"दादा," ती म्हणाली, "हुंग."

दादाने तिचं मनगट नाकाशी धरलं. मग दोघांनीही मान वळवली. दारात नाना उभे होते. ट्रे अजून हातातच होता.

"नाना," दादा म्हणाला, "शिलाई मशीनचं तेल?"

"चांगलं तेल आहे ते," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं वापरतोय. मशीन कधी कुरकुरली नाही."

सुनेने कपाळावर हात मारला. तिथे तेलाचा पंजा उमटला. "पाण्यासारखं पातळ असतं ते, नाना. पंपात गेलं की नुसता फेस. फेसाने काय चाकं वळणार?"

गाडीतून आईचा आवाज आला, अगदी साधा. "किती घातलंत?"

"तीन बाटल्या. लहान."

"कधी?"

"आदल्या दिवशी. तू दुपारी झोपली होतीस. गाडी कुरकुरते, असं तू म्हणाली होतीस ना दोनदा? मला वाटलं, एक काम माझ्या हातून व्हावं. इतक्या वर्षांत या गाडीला मी काही केलं नाही, नुसता बसलो. म्हटलं, उद्या तुला हलकी लागेल आणि मग सांगीन."

हे ऐकून धाकटीचे डोळे भरून आले. त्यात तेलाचाही वाटा असेल. पण आईचे प्रश्न संपले नव्हते.

"आणि यामुळे झालं, हे कधी कळलं तुम्हाला?"

नानांनी ट्रेमधला एक कप सरळ केला.

"अहो, मी विचारतेय."

"तिसऱ्या दिवशी. चष्मा लावून झाकणावरचं वाचलं. त्यात काय घालायचं ते लिहिलं होतं."

"आज कितवा दिवस?"

"सोळावा."

"आणि सकाळी तुम्ही म्हणालात, पुरे आता."

धाकटीची वही जमिनीवर उघडी पडली होती आणि त्यातला ठराव विटकरी तेल शोषून घेत होता. धाकटी ती उचलायला गेली नाही.

नानांनी ट्रे खाली ठेवला. पोरांसमोर जे बोलायचं नव्हतं ते बोलल्याशिवाय आता सुटका नव्हती, आणि त्यांना वाक्य शिवता येत नसे, फक्त कापड.

"तू घरी होतीस गं," ते म्हणाले. "सोळा दिवस. रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं, आता असशील. तू तर दुप्पट बाहेर. हिला दवाखान्यात ने, तिला स्टेशनवर सोड, मैत्रिणींना पोहायला ने. मी खोलीत मशीनशी बोलतो. या सोळा दिवसांत तू दुपारी माझ्या खोलीत येऊन बसलीस. काही बोलली नाहीस, पण बसलीस. मी रोज म्हणायचो, उद्या सांगू."

आईने ते ऐकलं. त्या सोळा दिवसांचं तिचं पुस्तक वेगळंच होतं. रोज पहाटे उठून ती दोन पाण्याच्या बाटल्या हातात धरून वर-खाली करायची, दंडांत जोर यावा म्हणून. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. खांबाच्या आधीचं ते वळण तिने मनात हजार वेळा घेतलं होतं आणि दर वेळी चूक स्वतःच्याच हातांत शोधली होती. दुपारी ती नानांच्या खोलीत बसायची, कारण तिथल्या खिडकीतून रस्ता दिसत नसे.

"सूनबाई," ती समोर बघत म्हणाली, "पुढे काय करायचं?"

"फिरवत राहा. टोकाला गेलं की धरून ठेवू नका, लगेच उलटं."

आईने स्टिअरिंग फिरवलं. बरणी भरली, दुसरी लावली. सून वरून लाल तेल ओतत राहिली, टाकी रिकामी पडून आत हवा शिरू नये म्हणून एक डोळा सतत तिच्यावर. आईने डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. कुणी रागाने जेवणाचं पान सरकवतं, कुणी दार आपटतं. आई नियमाप्रमाणे हात ठेवून स्टिअरिंग फिरवत होती, आणि प्रत्येक टोकाला नाना जरासे दचकत होते.

"सोमवारपासून मी काय करू मग?" धाकटीच्या तोंडून निसटलं.

"कशाचं काय?" दादाने विचारलं.

"काही नाही."

"कशाचं काय, विचारतोय."

"माझी बदली झालीय. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कोर्टात. दोन बस बदलाव्या लागतात. मी तिथे सांगून ठेवलंय, गाडीने येते म्हणून."

"म्हणजे ठराव तू बदलीसाठी केलास?"

"वयाचा मुद्दा तुझा होता. स्नायू आखूडतात म्हणे! मी फक्त लिहिलं."

"तू 'सर्वानुमते' लिहिलंस! माझी बायको इथे नव्हतीसुद्धा!"

"आई, तुम्ही फिरवा," सून म्हणाली. "हे दोघं ठीक आहेत."

तिसऱ्या बरणीत तेल हळूहळू गुलाबी झालं, मग लाल, आणि शेवटी असं स्वच्छ लाल, की डब्यातलं आणि नळीतलं ओळखू येऊ नये. सुनेने नळी जागेवर बसवली, नवी पट्टी आवळली, टाकी खुणेपर्यंत भरली. इंजिन बंद ठेवूनच पंधरा-वीस वेळा फिरवायला लावलं. टाकीत बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. गाडी खाली उतरवली.

"आता सुरू करा."

आईने किल्ली फिरवली. इंजिन लागलं. मांजर नव्हतं. आईने एका बोटाने स्टिअरिंग ढकललं आणि चाकं गॅरेजच्या फरशीवर सहज वळली. तिने बोटाकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला ढकलून पाहिलं.

"सूनबाई, तू बस शेजारी," ती म्हणाली. "बाकी कुणी नको."

रस्ता मोकळा होता. रविवारची दुकानं उशिरा उघडत होती, कुणी शटरला तेल देत होतं, कुणी पायऱ्या धूत होतं. आईने गोल चौकाला विनाकारण दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारताना म्हणाली, "हलकी आहे."

"आहे ना?"

"खूपच हलकी आहे." पुलाखालून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "तुला मी शाळेच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं."

सुनेला हसू आलं. लग्नाआधीची गोष्ट. ती आईच्या शाळेत गाडी शिकायला यायची, आणि आतल्या परीक्षेत पास झाल्याशिवाय शाळा कुणाला सरकारी परीक्षेला पाठवत नसे. दादा आईला न्यायच्या निमित्ताने फाटकाशी ताटकळायचा. "पहिल्या वेळी मी फुटपाथवर चढवली होती."

"हो. दुसऱ्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी तुझी एकही चूक नव्हती."

"म्हणजे?"

"त्याच आठवड्यात हा घरी म्हणाला होता, मला हिच्याशीच लग्न करायचंय. मला वाटलं, पुन्हा नापास केलं तर ही मुलगी शाळा सोडेल. शाळा सुटली की तोही सुटेल."

सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहून गेलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. "आई, कंपनीची गाडी मला मिळणार होती. लायसन्स नाही म्हणून दुसऱ्याला दिली. वर्षभर मी अवजारांची पेटी खांद्यावर घेऊन बसने हिंडले. लिफ्ट बंद म्हणून बोलावणार, आणि पेटी घेऊन जिने चढणार मी. अजून खांदा दुखतो थंडीत."

"मला माहीत नव्हतं ते."

"आज का सांगताय?"

"मघापासून तुझ्या सासऱ्यांना काय काय सुनवायचं, त्याची मी जुळवाजुळव करतेय. चांगली चांगली वाक्यं सुचली. पण एक धड बोलता येईना. प्रत्येक वाक्य फिरून माझ्याच अंगावर येतं."

"गाडी बाजूला घ्या."

आईने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला लावली. सून उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाला जोरात लाथ घातली, पायाचा अंगठा धरून दोन उड्या मारल्या आणि लंगडत चालकाच्या दाराशी आली.

"सरका पलीकडे. घरापर्यंत मी चालवणार. आणि तुम्ही बोलायचं नाही. एक शब्द नाही. 'क्लच'सुद्धा नाही."

त्या सीटवर बसून गप्प राहायचं, हे आईने एकतीस वर्षांत एकदाही केलेलं नव्हतं. सून मुद्दाम उशिरा गिअर बदलत होती. बसच्या इतकी मागे चिकटली, की बसमधल्या माणसाच्या मानेवरचा तीळ दिसावा. आईचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता, ओठ आत ओढलेले, नाकपुड्या फुगलेल्या. मंडईच्या वळणावर तिने डोळे मिटून घेतले. सुनेने ते पाहिलं, आणि चौदा वर्षांपूर्वीच्या त्या नापासाच्या रागात तिला नको असताना एक फट पडली. तिथून पुढे ती नीट चालवायला लागली.

फाटकातून आत घेताना दोन्ही बाजूंचे खांब हातभर लांब राहिले. तिने इंजिन बंद केलं.

"बोला आता."

"तिसरा गिअर उशिरा टाकलास. तीनदा."

"आई."

"पास गं. पास आहेस. तेव्हाही होतीस." आईने पदराने डोळे पुसले. "तुझा राग काही आज जाणार नाही, माहीत आहे मला."

"नाही जाणार," सून म्हणाली. "पण भूक लागलीय." आणि अंगठा सांभाळत आत गेली.

आत दादा आणि धाकटी यांचं उद्याच्या वेळेवरून भांडण चालू होतं. सकाळी दवाखान्यात जाताना बहिणीला कोर्टापर्यंत सोडायला तो तयार झाला होता, पण सव्वाआठला, आणि तिला आठला हवं होतं.

गॅरेजात नाना उकिडवे बसून फरशीवरचं तेल लाकडाच्या भुशाने घासत होते. आईची सावली पडली तशी ते थांबले, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"बोल काहीतरी," ते म्हणाले. "शिव्या घाल."

"आज नाही."

"मग कधी?"

आईने विचार केला. खरोखरच केला, वेळापत्रक लावावं तसा. "बुधवारपर्यंत मला रागावून राहायचंय. तोवर मध्ये मध्ये चहा आणायचा नाही. तोंड पाडून दारात उभं राहायचं नाही. माझा राग मला नीट करू द्यायचा."

"मंगळवार नाही का चालणार?"

"नाही."

"बरं."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "बुधवारी सकाळी मी दोघी मैत्रिणींना घेऊन पोहायला जातेय. पुढे एकीचा गुडघा आहे, तिला पाय पसरावे लागतात. मागे दुसरी, तिच्या पिशव्या, आणि पिशव्यांच्या पलीकडे वीतभर जागा. अंग चोरून बसावं लागेल."

नानांनी वर पाहिलं. "बसेन."

"त्या दोघी फार बोलतात. पूर्ण वेळ. थांबतच नाहीत."

"बोलू देत," नाना म्हणाले आणि पुन्हा फरशी घासायला लागले.